पंचनाम्याआधी लावलेली ताल

मी सोनबा, वाडीचा कोतवाल. म्हणजे परवापरवापर्यंत कोतवाल. आता सरकारनं आमचं नाव महसूल सेवक केलंय. तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं, आणि आमचा वेल्हे तालुका कागदावर राजगड झाला. नावं बदलली, पण वाडीचा चढ तोच आहे आणि माझ्या चपलाही त्याच. बत्तीस वर्षं मी साहेबलोकांच्या पुढं चालतोय आणि मोजणीच्या टेपचं एक टोक धरतोय. माणसं मला सरकारचा माणूस समजतात, सरकार मला वाडीचा समजतं, आणि शिव्या दोन्हीकडून मिळतात. पुष्कळ खाल्ल्या, पचवल्या. पण एका बाबतीत मला खरंच शिव्या बसायला हव्या होत्या आणि तिथं मला कुणी चकार शब्द बोललं नाही. सगळं बिचाऱ्या गेनबातात्यावर गेलं. म्हणून हे सांगायला बसलोय.

पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरं अठरा, त्यातली सात कुलूपबंद. आमच्याकडं सपाट जमीन नाही. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक भाताची खाचरं आहेत, आणि प्रत्येक खाचराच्या कडेला माती धरून ठेवणारा दगडी बांध. त्याला आम्ही ताल म्हणतो. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. ताल राहिली तर माती राहते, माती राहिली तर भात. एवढंच आमचं शास्त्र.

आणि ताल लावावी ती गेनबातात्यानं. वय अडुसष्ट, अंगानं काटकुळा. बोलणं असं की दिवसभरात दहा शब्द झाले तर त्या दिवशी पाऊस यायचा. पण दगड हातात घेतला की बघत राहावं. फिरवून फिरवून बघायचा, मग म्हणायचा, "ह्याचं त्वांड हिकडं हाय." दगडाला कसलं आलंय तोंड? पण तात्यानं बसवलेला दगड म्हैस चढली तरी हलायचा नाही. हातोडा त्यानं कधी वापरला नाही. एक पहार, दोन हात आणि चिक्कार वेळ.

खोड पण तेवढीच दांडगी. फुटकी ताल दिसली की ह्याला घास गोड लागायचा नाही, मग ती कुणाची का असेना. एकदा मुलीकडं सारोळ्याला चालला होता. कापूरहोळला एसटी बदलायची होती, तर समोरच्या धाब्याच्या कंपाउंडचे चार दगड ढासळलेले दिसले. झालं. हा गडी पिशवी खाली ठेवून तिथं बसला. एसटी आली नि गेली. धाबेवाल्याला वाटलं कुणीतरी वेडा आहे, पण भिंत उभी झाल्यावर त्यानं मिसळ खायला घातली. मुलगी मोहिनी सारोळ्यात वाट बघून थकली. आजही ती ही गोष्ट सांगते आणि रडायचं की हसायचं तिला कळत नाही. आई गेल्यापासून ती बापाला सारखी म्हणते, या हितं, पुलाशेजारी घर आहे, सपाट रान आहे. तात्या म्हणतो, सपाट रानात म्या काय करू.

दुसऱ्याच्या दारात राबायला हा कायम पुढं, पण स्वतःच्या खाचरात मात्र कधी कुणाला बोलावलं नाही. बायको सखूबाई होती तेव्हा ती दगड द्यायची. ती गेल्यावर एकटा.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, आखाडात, तीन दिवस असा पाऊस लागला की शेजारच्या घराची कौलं दिसेनात. लावणी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली आणि आम्ही बाहेर येऊन बघतो तर आमच्या उताराच्या अकरा खाचरांपैकी नऊ खाचरांच्या ताली फुटलेल्या. माती वाहून गेली होती आणि रोपं गाळात आडवी झाली होती.

आता दुसऱ्या गावात काय करतात मला माहीत नाही. आमच्याकडं अशा वेळी इर्जिक घालतात. ज्याचं काम त्यानं बोलावणं करायचं, वाडीतल्या प्रत्येक घरानं माणूस द्यायचा, मजुरी कुणी घ्यायची नाही. ज्याचं काम त्यानं पोटभर जेवायला घालायचं, संपला विषय. आज तुझं, उद्या माझं. ही रीत आमच्या आज्यापणज्यापासूनची, आणि खरं सांगतो, तिचा आम्हाला माज होता.

पहिली इर्जिक पारूकाकीची. पारूबाई म्हणजे वाडीतली एकटी बाई. नवरा गेला त्याला पंधरा वर्षं झाली आणि पोरगा पुण्यात कुठंशी वॉचमन आहे, तो फोनवरच असतो. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिनं कोंबडा कापला. आम्ही चिखलात कमरेएवढे उभे राहिलो, दगड हातोहात वर गेले, आणि तात्या मधे उभा राहून एकेक बसवत गेला. तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, उरलेली रोपं बायांनी परत लावली. दुसऱ्या दिवशी बंडूचं खाचर. हा बंडू कापूरहोळच्या नाक्यावर टेम्पो चालवतो, पण लावणी-कापणीला वाडीत असतो. मग माझं, मग बाकीच्यांचं. पाच दिवसांत आठ खाचरं उभी केली.

राहिलं एक, तात्याचं. त्याचं खाचर सगळ्यात वर. डोंगराचं पाणी आधी त्याच्या खाचराला लागतं, तिथून पारूकाकीच्या, तिथून बंडूच्या, मग खाली माझ्यापर्यंत. एका अंगाला ओढा आहे. तात्याची ताल त्या ओढ्याच्या अंगाला फुटली होती. मी म्हटलं, तात्या, तुमचं पण करून टाकू. तर म्हणाला, "माझं पाणी वड्याला जातंय. कुनाच्या खाचरात न्हाई. ऱ्हाऊ द्या, म्या बघतो सावकास."

आता माझी चूक ऐका. पंचनाम्याचे आदेश निघालेत हा मेसेज माझ्या मोबाईलवर दुसऱ्याच दिवशी आला होता. मोबाईल होता प्लॅस्टिकच्या पिशवीत, झाडाच्या ढोलीत, आणि मी होतो दगड द्यायला रांगेत. पण मेसेज जाऊ द्या खड्ड्यात, मला मेसेजची गरजच काय? बत्तीस वर्षं पंचनामे बघतोय. फुटलेलं दाखवावं लागतं, फोटो काढावा लागतो, मग ते कागदावर येतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि मी शहाणा चिखलात उभा राहून पुरावा बुजवत होतो, वर कोंबड्याच्या रश्श्याला नावं ठेवत होतो की तिखट कमी पडलं. एकदाही डोक्यात आलं नाही. मोडलं की उभं करायचं, ह्यापलीकडं त्या पाच दिवसांत आमच्यापैकी कुणालाच काही सुचलं नव्हतं.

नवव्या दिवशी नूतन म्यॅडम आल्या. आमच्या तलाठी. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, सहा गावांचा भार डोक्यावर. बाई सरळ आहे, उगाच कुणाला हेलपाटे घालायला लावत नाही. खाचरांच्या डोक्यावर उभ्या राहून त्यांनी विचारलं, नुकसान कुठं आहे? तर खाली सगळं हिरवंगार. ताली ताठ. आणि आमचा बंडू छाती काढून म्हणतो, "आमच्या वाडीत काय मोडकं ऱ्हात न्हाई म्यॅडम. पाच दिसात समदं हुबं केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन.

म्यॅडमचा चेहरा पडला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जागेवर उभं राहून मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय काहीच भरता येत नाही. आधीचे फोटो असतील तर बघू. फोटो होते की. बंडूच्या मोबाईलमधे चाळीस फोटो होते, सगळे लावून झालेल्या तालींचे, आणि एक रश्श्याच्या पातेल्याचा. फुटलेल्या तालीचा एकही नाही. मोडक्या घराचा कुणी फोटो काढून ठेवतं का?

त्या दिवशी पंचनामा झाला फक्त गेनबातात्याच्या खाचराचा.

दोन महिन्यांनी यादी आली आणि मीच ती देवळाच्या भिंतीला चिकटवली. आमच्या वाडीतलं एकच नाव. चिकटवताना वाटलं, पुढं काहीतरी करता येईल. काही करता आलं नाही.

माणसाचं मन कसं असतं बघा. पाच दिवस जो आपल्या खाचरात राबला त्याच्याबद्दल पंधरा दिवसांत काय काय निघालं! बंडू म्हणाला, म्हातारा मुरलेला आहे, आपलं मुद्दाम मागं ठेवलं. कुणी म्हणालं, ह्याला पंचनाम्याचं आधीच ठाऊक होतं. आणि पारूकाकी पाणवठ्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझी ताल पयली लावली ती का, आता कळलं. माझं बुजवलं नि सोताचं उघडं ठेवलं." तिच्या रागाला कारण होतं. घराची कौलं फुटलेली, आढं कुजलेलं. त्या भरपाईवर तिनं पत्रे घालायचं मनाशी धरलं होतं. पुढचा पावसाळा आता प्लॅस्टिकच्या कागदाखाली काढायचा होता. पण म्हणून असं बोलायचं? मला तिचा संताप आला होता. आणि तिला उत्तर द्यायचं सोडून मी हंडा उचलून घरी आलो, त्याचा अजून येतो.

तिनं तात्याशी बोलणं टाकलं. मग वाडीनंच टाकलं. ताल ढासळली तर लोक स्वतः कशीबशी लावू लागले, पण त्याला हाक मारीनात. तो वाटेनं गेला की बोलणं थांबायचं.  त्या दिवाळीला मी फराळ घेऊन गेलो तर हा माणूस स्वतःच्या घराच्या जोत्याचे दगड काढून परत बसवत होता. धडधाकट जोतं! म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "हाताला काम न्हाई रं."

आता लोकांना माहीत नव्हतं ते सांगतो. भरपाई नुसती यादीत येऊन मिळत नाही. केंद्रावर जाऊन अंगठा लावावा लागतो, केवायसी करावी लागते, मग पैसे खात्यात पडतात. मी तात्याला वेल्ह्याला न्यायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा तो उठला नाही. म्हणाला, समद्यांचं येऊ दे, मग माझं लाव. मी चिडलो. म्हटलं, अहो समद्यांचं येणार नाही, तुमचं तरी घ्या, नाहीतर मी वाडीला ओरडून सांगतो की ह्यानं एक रुपया घेतला नाही. तेव्हा मात्र तो माझ्याकडं वळला. "भैरवनाथाची आन हाय तुला, सांगायचं न्हाई. बोलून दावलं की केल्यालं फुकाट जातं." असला माणूस. घेईना आणि सांगूही देईना. शपथ मोडायची माझी छाती झाली नाही. मोडायला हवी होती.

हिवाळ्यात त्यानं ओढ्याकडची ताल एकट्यानं लावली. दगड स्वतः आणायचा, स्वतः खाली ठेवायचा, परत वर चढून स्वतःच बसवायचा. सगळ्या वाडीचं एका दिवसाचं काम त्यानं दीड महिना केलं. मी दोन रविवार गेलो. इतर कुणी आलं नाही.

मग यंदाचा पावसाळा. आखाडातच, पण यंदा वाडी हुशार झाली होती. जो तो मोबाईल चार्ज करून बसलेला. दोन दिवस धो धो पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बंडू ओरडत आला की पारूकाकीची ताल मधोमध फुटली. पळत गेलो. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. डोंगराचं सगळं पाणी तात्याच्या खाचरातून तिच्या खाचरात उतरत होतं आणि त्या भगदाडातून थेट बंडूच्या अंगावर. बंडूची ताल अजून उभी होती, पण तिचं पोट फुगलं होतं. ती गेली की खालची माझ्यापर्यंतची सगळी जाणार, हे लहान पोरालाही कळलं असतं.

तात्या आधीच तिथं होता. खांद्यावर पोतं, हातात पहार. भगदाडाकडं बघत उभा. पण खाली उतरेना, कारण पारूकाकी त्या भगदाडाच्या तोंडाशी छत्री घेऊन बसली होती.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. त्याच्याकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. "म्यॅडमला फोन लाव. आधी फोटू."

मी देवळाच्या चढावर गेलो, तिथं रेंज येते, आणि फोन लावला. म्यॅडम म्हणाल्या, रस्त्यावर दरड आलीय, जेसीबी लागलाय, उद्या नाही तर परवा येते, तोपर्यंत कुणी हात लावू नका. हे मी येऊन सांगितलं. बंडू रडकुंडीला आला. त्याची ताल परवापर्यंत टिकत नव्हती. तो काकीला म्हणाला, लावू दे गं मावशे, आमची जाईल. काकी म्हणाली, गेल्या साली तुझं खाचर राखायला माझी ताल लावली, तेव्हा माझ्या डोक्यावर पत्रे कुणी घातले? आता ह्यात खोटं काय होतं? दोघंही खरंच बोलत होते. मी कोतवाल, नुसता मधे उभा.

तात्या तिथून निघून वर गेला. मला वाटलं घरी गेला असेल. पाच-दहा मिनिटांनी पहारीचा आवाज आला.

वर जाऊन बघतो तर हा स्वतःची ओढ्याकडची ताल फोडत होता. दीड महिना खपून लावलेली! मी ओरडलो, तात्या, डोकं फिरलं का? त्यानं मान वर केली नाही. दगड उचकायचा, उचलायचा, बाजूला ठेवायचा. मी त्याचा हात धरला तर झटकला. "पानी वड्याला जाऊ दे," म्हणाला. "वैनीचा फोटू बी ऱ्हाईल, खालची खाचरं बी ऱ्हातील."

"आनि तुमचं खाचर?"

त्यानं पुढचा दगड उचकला.  तेवढ्यात तालीत खिंडार पडलं आणि डोंगराचं पाणी वळलं. त्याच्या खाचरातली रोपं मातीसकट सरकत सरकत ओढ्यात गेली. आम्ही दोघं बघत उभे होतो. खाली पारूकाकीच्या भगदाडातलं पाणी हळूहळू कमी झालं, आणि बंडूची ताल वाचली. मी तात्याला नको नको ते बोललो. आईवरून शिवी दिली, खोटं कशाला सांगू. मग घरी येऊन अंथरुणावर पडलो आणि रडलो.

तिसऱ्या दिवशी म्यॅडम आल्या, दरडीपासून चालत, बूट हातात घेऊन. सगळी वाडी खाचरांवर जमली. पारूकाकीच्या भगदाडाचे फोटो झाले, टेप लावली. पंचनाम्यावर पंच लागतात, दोन माणसं, ज्यांनी सही करून सांगायचं की हे खरं आहे. म्यॅडमनी विचारलं, पंच कोण? एक बंडू झाला. दुसऱ्यासाठी म्यॅडमनी तात्याकडं बघितलं. वाडीतलं जाणतं माणूस, आणि सही येते. तात्या पुढं आला आणि वळणदार अक्षरात नाव लिहिलं. काकी दुसरीकडं बघत होती.

सही बघून म्यॅडमना आठवलं. म्हणाल्या, "गेनबाबाबा, अहो तुमचं मागच्या वर्षीचं केवायसी अजून बाकी आहे. पैसे आलेच नाहीत तुम्हाला. मी सोनबाकाकांना किती वेळा निरोप दिला."

 बंडू पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत राहिला. पारूकाकीनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली मान घातली, त्यात तिला सगळं कळलं. वर्षभर मी बाळगलेलं म्यॅडमनी सहज बोलून टाकलं होतं. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी मला स्वतःची शरम वाटली.

तिथून आम्ही वर तात्याच्या खाचरात गेलो. खाचर कसलं, नुसता खडक उघडा पडला होता. म्यॅडमनी मोबाईल काढला आणि थांबल्या. तालीच्या खिंडारापाशी, एका बाजूला, दगड व्यवस्थित रचून ठेवले होते. मोठे खाली, लहान वर. एवढ्या पावसात, एवढ्या घाईत, तात्यानं एकही दगड वाहून जाऊ दिला नव्हता. आणि पाणी काही दगड रचून ठेवत नाही.

"हे कसं फुटलं?" म्यॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच पारूकाकी मधे आली. "पान्यानं फुटलं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं."

मी काकीला पन्नास वर्षं ओळखतो. ती भांडेल, तोंड सोडेल, पण खोटं बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही.  बंडू लगेच म्हणाला, व्हय व्हय, पान्यानंच. मीही मान हलवली. सरकारचा माणूस असून हलवली. सगळी वाडी एका तोंडानं खोटं बोलायला उभी होती, आणि म्यॅडमनी ते खोटं घ्यायचं ठरवलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी मोबाईल फक्त थोडा बाजूला वळवला, रचलेले दगड फोटोत येऊ नयेत म्हणून.

"न्हाई म्यॅडम," तात्या म्हणाला. "वैनी माझ्यापायी खोटं बोलत्यात. म्या फोडलं. ह्या पहारीनं."

"बाबा, विचार करून सांगा. हातानं फोडलेलं मला लिहिता येत नाही."

"नका लिवू. आत्ताच म्या सई केली तुमच्या कागदावर, वैनीचं खरं हाय म्हनून. आता खोटं बोललो तर तिचं बी खोटं ठरंल."

म्यॅडमनी मोबाईल खाली केला. मग पारूकाकी फुटली. वर्षभर ज्याच्याशी बोलली नव्हती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "वरीसभर तुमच्या नावानं बोटं मोडली म्या. पानवठ्यावर बोलले. तुमी ऐकून घेतलं. आज एक डाव, एक डाव तरी घ्या की वो भावजी कुनाकडनं काय तरी! मला बी काय करू द्याल का न्हाई?" आणि पदर तोंडाला लावून ती तिथंच चिखलात खाली बसली.

तात्या उभाच होता. त्याला काय करावं कळेना. दगडाचं तोंड ओळखणाऱ्या माणसाला रडणाऱ्या बाईपुढं कसं उभं राहावं हे माहीत नव्हतं. त्यानं पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. रचलेल्या दगडांकडं बघितलं, मग उघड्या पडलेल्या खडकाकडं. दोनदा खाकरला.

"उद्या येता का, वैनी?" तो म्हणाला. "दगुड द्यायला मानूस पायजे."

इतक्या वर्षांत त्यानं कुणाला 'येता का' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. काकीनं पदर काढला, नाक पुसलं आणि विचारलं, किती वाजता.